क्रॉसओव्हर आवडते, ऑपेरा झेपत नाही. पुढे काय करावे?

वाचकाचे पत्र:

"गेली काही वर्षे मी आंद्रेआ बोचेल्ली, सारा ब्राइटमन आणि 'इल दिव्हो' हा गायकसमूह यांची क्रॉसओव्हर गाणी, म्हणजे ऑपेरासारख्या आवाजात पण सोप्या, लोकप्रिय मांडणीत गायलेली गाणी, नियमितपणे ऐकते. संगीताचे शिक्षण मी घेतलेले नाही, पण ही गाणी ऐकताना मन भरून येते. त्यांतली बरीच गाणी ऑपेरातली आहेत असे कळल्यावर मूळ ऑपेराच ऐकावा असे ठरवले. श्रेष्ठ ऑपेरांच्या एका यादीत जर्मन संगीतकार वाग्नरच्या 'ट्रिस्टान उंड इसोल्ड'चे नाव पाहिले, तो फोनवर लावला आणि पाऊण तासात बंद केला. एकही चाल हाती लागली नाही आणि आवाज तर सतत ओरडल्यासारखे वाटले. माझा मावसभाऊ पाश्चात्त्य संगीत शिकलेला आहे. तो म्हणाला, 'तू ऐकतेस तो ऑपेरा नव्हेच, ती त्याची गुळचट नक्कल आहे. तिथून ऑपेराकडे वाट जात नाही.' तेव्हापासून आवडती गाणी लावतानाही संकोच वाटतो. माझा कान कच्चा आहे का? या गाण्यांवरून ऑपेराकडे जाता येते का, आणि येत असेल तर कसे? त्यासाठी इटालियन शिकावे लागेल का?"

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचा कान कच्चा आहे असे तुमच्या पत्रातल्या एकाही ओळीवरून दिसत नाही. टेनरचा, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा, आवाज वर चढत जाऊन एका स्वरावर स्थिरावतो तेव्हा ज्याला भरून येते, त्याने ऑपेरातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच आपलीशी केलेली असते, कारण ही कला शेवटी माणसाच्या आवाजावर उभी आहे. गडबड झाली ती निवडीत. 'ट्रिस्टान उंड इसोल्ड' १८६५ साली म्युनिकमध्ये प्रथम सादर झाला आणि त्याचे श्रेष्ठत्व वादातीत आहे. परंतु तो सुमारे चार तास चालतो आणि वाग्नरने त्यात सुटी काढून गाता येतील अशी गाणी जवळजवळ ठेवलेलीच नाहीत. आरंभीच जी स्वरसंगती अपुरी सोडून दिली आहे ती अखेरच्या क्षणापर्यंत पुरी होत नाही, आणि ती तशी ताणून धरणे हाच त्या कृतीचा गाभा आहे. चालीच्या ओढीने आलेल्या श्रोत्याला तिथे पाय टेकायला जागा मिळू नये, यात नवल नाही. श्रेष्ठ कृतींच्या याद्या पुष्कळ ऐकून झालेल्यांनी केलेल्या असतात. सुरुवात कुठून करावी हे त्यांना विचारू नये.

मावसभावाचे म्हणणे मला निम्मे पटते. तुम्ही ऐकता ते गायन ऑपेरा नव्हे, हे खरे आहे. तिथून वाट जात नाही, हे मात्र खरे नाही, आणि त्याला इतिहासाचाच आधार आहे. ऑपेरागायकांनी नाट्यगृहाबाहेरची सोपी, लोकप्रिय गाणी गाणे ही काही अलीकडची टूम नाही. एन्रिको कारुझो हा विसाव्या शतकाच्या आरंभीचा सर्वांत प्रसिद्ध टेनर. त्याने व्हेर्दी आणि पुच्चिनी या इटालियन ऑपेरारचनाकारांच्या गाण्यांच्या बरोबरीने 'ओ सोले मियो'सारखी नेपल्सची गाणीही ध्वनिमुद्रित केली, आणि ज्या घरांतून कोणी नाट्यगृहाची पायरी चढले नव्हते त्या घरांत त्याचा आवाज पोहोचला. पुढे १९५१ साली कारुझोच्या आयुष्यावर बेतलेल्या 'द ग्रेट कारुझो' या चित्रपटात मारिओ लान्झा गायला. लान्झाने प्रत्यक्ष ऑपेराच्या रंगमंचावर फारच थोडे काम केले होते, आणि आजच्या भाषेत त्याला क्रॉसओव्हर गायकच म्हटले गेले असते. तो चित्रपट लहानपणी पाहून ज्या मुलाला गाण्याचे वेड लागले तो होसे कारेरास, पुढे जगातल्या मोठमोठ्या ऑपेरागृहांत गायलेला टेनर. वाट नाही असे म्हणणाऱ्याने एवढे एक उदाहरण तरी लक्षात घ्यावे.

याच कारेरासचे नाव पुढे १९९० साली साऱ्या जगाने ऐकले. त्या वर्षी इटलीत विश्वचषक फुटबॉल स्पर्धा भरली होती. बीबीसीने आपल्या प्रक्षेपणासाठी टेनर लुचानो पाव्हारोत्तीने १९७२ साली गायलेले 'नेस्सुन दोर्मा' हे पुच्चिनीच्या ऑपेरातले गाणे वापरले, आणि अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, ७ जुलैला, रोममधल्या काराकाल्ला स्नानगृहांच्या प्राचीन अवशेषांत पाव्हारोत्ती, प्लासिदो डोमिंगो आणि रक्ताच्या कर्करोगातून बरा झालेला कारेरास एकत्र गायले. संचालन झुबिन मेहता यांचे होते. त्या मैफलीची ध्वनिमुद्रिका शास्त्रीय संगीताच्या सर्वाधिक खपलेल्या ध्वनिमुद्रिकांमध्ये गणली जाते. ती विकत घेणारा प्रत्येक जण ऑपेराकडे वळला असे मुळीच नाही, पण वळू इच्छिणाऱ्याला निदान एक आवाज आणि एक चाल ओळखीची झाली.

तुमच्या आवडीच्या गाण्यांची मात्र आधी थोडी निवड करून घ्यायला हवी, कारण ती सगळी ऑपेरातली नाहीत. बोचेल्लीचे 'कॉन ते पार्तिरो' हे १९९५ च्या सानरेमो महोत्सवात सादर झालेले आधुनिक इटालियन गीत आहे. पुढच्याच वर्षी ब्राइटमनबरोबरच्या 'टाइम टू से गुडबाय' या रूपात ते जगभर गेले, आणि आजही कित्येकांना ते एखाद्या जुन्या ऑपेरातले वाटते. 'फँटम ऑफ द ऑपेरा' ही ब्राइटमनची १९८६ ची गाजलेली भूमिका नावात ऑपेरा असूनही संगीतिकेतली, म्हणजे म्युझिकलमधली आहे. 'ओ सोले मियो' हे लोकप्रिय गीत म्हणूनच रचले गेले. या गाण्यांवर प्रेम करायला काहीच हरकत नाही, पण त्यांच्या मागे शोधायला गेलात तर ऑपेरा सापडणार नाही. उलट 'नेस्सुन दोर्मा', 'ओ मियो बाब्बीनो कारो', 'ला दोन्ना ए मोबिले', 'ला त्राव्हियाता'मधले मेजवानीचे गाणे किंवा 'कार्मेन'मधली हाबानेरा यांतले जे काही तुमच्या संग्रहात असेल ते बाजूला काढा. तुमचा रस्ता तिथून सुरू होतो.

क्रॉसओव्हर आपल्याला ऑपेराची चाल देते आणि आवाजाचा आनंद देते. ते देत नाही तो प्रसंग: हे गाणे कोण गात आहे, कोणाला उद्देशून गात आहे, ते ऐकणाऱ्याचे पुढे काय होणार आहे. आणि ऑपेराचा रचनाकार तर प्रसंगासाठीच चाल बांधत असतो. त्यामुळे क्रॉसओव्हरवरून थेट एखाद्या अनोळखी चार तासांच्या ऑपेरावर उडी घेण्याऐवजी, जे गाणे तुम्हाला तोंडपाठ आहे तेच त्याच्या मूळ जागी पुन्हा ऐकावे, असे मी सुचवेन.

'ला दोन्ना ए मोबिले' घ्या. स्त्रीचे मन चंचल असते असे सांगणारी ती उडती, सहज ओठांवर बसणारी चाल आहे. मैफलीत ती दोन-सव्वादोन मिनिटांत होते, शेवटचा वरचा स्वर लागतो आणि टाळ्या पडतात. आता व्हेर्दीने ती कुठे योजली आहे ते पाहा. 'रिगोलेत्तो' हा ऑपेरा १८५१ साली व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात प्रथम सादर झाला. त्याच्या तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला मांतुआचा ड्यूक एका आडबाजूच्या खानावळीत हे गाणे गातो. चंचल खरा तोच आहे. दरबारी विदूषक रिगोलेत्तो याच्या जिल्दा नावाच्या मुलीला त्याने नादी लावून सोडले आहे, आणि त्याचा सूड म्हणून रिगोलेत्तोने त्याला ठार करण्याची सुपारी दिली आहे. वादळी रात्री मारेकरी पोत्यात बांधलेले प्रेत रिगोलेत्तोच्या स्वाधीन करतो. विदूषकाचा आनंद गगनात मावत नाही. ते पोते तो नदीत लोटणार, इतक्यात दुरून कोणी तरी तीच चाल गात जाताना ऐकू येते. ड्यूक जिवंत आहे. मग पोत्यात कोण? रिगोलेत्तो पोते फाडून पाहतो तर आत त्याची जिल्दा, ड्यूकवरच्या प्रेमापायी त्याच्याऐवजी स्वतः मरण पत्करलेली, अखेरचे श्वास घेत आहे.

या क्षणी व्हेर्दीने भेसूर संगीत योजलेले नाही. चाल तीच आहे, तितकीच बेफिकीर आणि तितकीच गोड, आणि ती तशीच असल्यामुळे अंगावर काटा येतो. सबंध प्रसंगाचा उलगडा संवादाने होत नाही, चालीने होतो. आणि तो होण्यासाठी ती चाल श्रोत्याच्या मनात आधीच पक्की बसलेली असावी लागते. तुमच्या मनात ती बसलेली आहे. क्रॉसओव्हरने तुमच्यासाठी केलेले हे काम लहान नाही. हा तिसरा अंक अवघा अर्ध्या तासाच्या आसपास आहे. कथा वाचून घ्या आणि तो अंक सलग पाहा. त्यातच एक चौकडी येते: आत ड्यूक दुसऱ्या एका तरुणीला भुलवतो आहे, ती हसून त्याला टोलवते आहे, बाहेर भिंतीच्या फटीतून हे पाहणारी जिल्दा कोसळते आहे आणि तिचा बाप सूडाची भाषा बोलतो आहे. हे चौघे चार निरनिराळ्या भावना एकाच वेळी गातात आणि तरीही प्रत्येकाची ओळ वेगळी ऐकू येते. बोलक्या नाटकात चार माणसे एकदम बोलू लागली तर गोंधळ होईल. ऑपेराला हे जमते, आणि जे केवळ एकट्याची गाणी ऐकतात त्यांना हे कधीच ऐकायला मिळत नाही. मला स्वतःला ऑपेरातली एकल गाणी जितकी प्रिय आहेत त्याहून ही चौकडी अधिक प्रिय आहे.

'ओ मियो बाब्बीनो कारो'ची गोष्ट याच्या उलट आहे. क्रॉसओव्हर मैफलीत हे गाणे बहुधा मंद उजेडात, डोळे मिटून, विरहगीतासारखे गायले जाते. प्रत्यक्षात ते एका प्रहसनात येते. पुच्चिनीचा 'जान्नी स्किक्की' हा एकांकी ऑपेरा १९१८ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात प्रथम सादर झाला. फ्लॉरेन्समधला एक श्रीमंत म्हातारा मरण पावला आहे, सारी मालमत्ता त्याने मठाला दिल्याचे मृत्युपत्रावरून कळल्यावर नातेवाइकांचे ढोंगी रडणे खऱ्या रडण्यात बदलले आहे, आणि त्यांना यातून सोडवू शकेल असा चतुर माणूस, जान्नी स्किक्की, त्यांच्या उर्मटपणाला कंटाळून निघून चालला आहे. त्याच्या मुलीला, लाउरेत्ताला, याच घरातल्या तरुणाशी लग्न करायचे आहे. ती बापाच्या विनवण्या करते आणि लग्न झाले नाही तर नदीत जीव देईन अशी धमकीही देते. आजूबाजूची भांडाभांडी एकदम थांबते आणि ती चाल सुरू होते. बाप विरघळतो, मृत माणसाचे सोंग घेऊन अंथरुणात झोपतो, नवे मृत्युपत्र सांगतो आणि त्यातली उत्तम मालमत्ता सर्वांदेखत स्वतःच्याच नावावर करून घेतो. गाण्यातली व्याकुळता खोटी नाही, पण तिच्यात लाडक्या लेकीचा हट्टही आहे, आणि तो हट्ट कळला की पुच्चिनीचे कौशल्य दुपटीने जाणवते. संपूर्ण ऑपेरा तासाभरात संपतो. अथपासून इतिपर्यंत पाहावा असा तुमचा पहिला ऑपेरा कोणता, असे विचाराल तर मी बिनदिक्कत याचेच नाव घेईन.

'नेस्सुन दोर्मा'बद्दल एकच गोष्ट सांगते. पुच्चिनी १९२४ साली वारला तेव्हा हे गाणे ज्यात आहे तो ऑपेरा, 'तुरांदोत', अपुरा होता. तो फ्रँको अल्फानोने पूर्ण केला आणि १९२६ मध्ये मिलानच्या ला स्कालात सादर झाला. परक्या राजपुत्राचे नाव पहाटेपर्यंत कळले नाही तर प्रजेला देहान्त शासन होईल, असे राजकन्येने फर्मावले आहे, आणि तो राजपुत्र आपल्या विजयाच्या खात्रीने हे गाणे गातो. गाण्याच्या मध्यावर दुरून स्त्रियांचे आवाज येतात ते आठवतात ना? क्रॉसओव्हरमध्ये ते बहुधा मागची मखमल म्हणून वापरले जातात. त्या स्त्रिया म्हणत आहेत की आम्हाला आता मरावे लागेल. गाण्याचा शेवटही ऑपेरात वेगळा आहे: मैफलीत टाळ्यांसाठी जो ठाम शेवट जोडला जातो तो पुच्चिनीने लिहिलेला नाही, त्याचे संगीत न थांबता पुढच्या प्रसंगात शिरते. ज्या वरच्या स्वरावर गायक श्वास संपेपर्यंत रेंगाळतात तोही स्वरलिपीत अगदी आखूड आहे. एवढे ठाऊक झाल्यावर तुमचे आवडते रूप पुन्हा ऐकून पाहा. ते नावडते होईल असे मला वाटत नाही, पण त्यात काय गाळले आहे ते तुम्हाला ऐकू येऊ लागेल.

आता आवाज ओरडल्यासारखे वाटतात या तक्रारीकडे वळू, कारण अनेक जण याच उंबरठ्यावरून माघारी फिरतात. क्रॉसओव्हरचा गायक मायक्रोफोनसमोर गातो. त्यामुळे तो कुजबुजू शकतो, शब्दात श्वास मिसळू शकतो, आणि ध्वनिमुद्रण करणारा त्याच्या आवाजातले चढउतार बरेचसे एका पातळीवर आणून ठेवतो. ऑपेरागायकाला परंपरेने मायक्रोफोन मिळत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात सुमारे ३,८०० प्रेक्षक बसतात, समोर साठ-सत्तर वादकांचा किंवा त्याहूनही मोठा वाद्यवृंद असतो, आणि गायकाचा आवाज त्या साऱ्यांवरून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा लागतो. हे निव्वळ जोर लावून साधत नाही. स्वीडनचे ध्वनिशास्त्रज्ञ योहान सुंडबेर्ग यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की वाद्यवृंदाची ताकद साधारण ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनांच्या) आसपास सर्वाधिक असते आणि वर जाताना झपाट्याने घटते, तर तयार ऑपेरागायक घशाची आणि स्वरयंत्राची ठेवण अशी बदलतो की त्याच्या आवाजात ३,००० हर्ट्झच्या आसपास एक तेजस्वी धार येते. वाद्यवृंद जिथे दुबळा तिथे गायक प्रबळ, म्हणून तो ऐकू येतो.

नाट्यगृहात ही धार अंतर कापताना गोलाई घेते. फोनच्या लहानशा स्पीकरवर मात्र उलट घडते: त्याला वाद्यवृंदाचे खालचे स्वर नीट पेलत नाहीत, आणि नेमका ती धार असलेला पट्टा तो ठळकपणे ऐकवतो. तुमच्या कानाला जे ओरडणे वाटले त्यातला बराचसा दोष त्या स्पीकरचा असावा. चांगले हेडफोन किंवा मोठे स्पीकर वापरा, आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या प्रसंगावरून ठरवा, आणि शांत प्रसंगांत ती वाढवण्याचा मोह टाळा. ऑपेरातला हळू स्वर हळूच ऐकायचा असतो. त्यामुळेच नंतरच्या मोठ्या स्वराला अर्थ येतो. क्रॉसओव्हरच्या मांडणीत मला खटकते ते हेच. चाल सोपी केली, कधी पट्टी उतरवली, कडवे गाळले, तर ते मी समजू शकते. पण आरंभापासून तबकडीभर सारे काही सारख्याच भरघोसपणे वाजत राहते, खाली ढोलांचा ठेका येतो आणि गाण्याला शांत व्हायला जागाच उरत नाही.

कानाला सवय होण्यासाठी ओळखीच्या आवाजाची सोबत घेता येते, आणि तुमच्या बाबतीत ती सहज उपलब्ध आहे. बोचेल्लीने काही ऑपेरा संपूर्ण ध्वनिमुद्रित केले आहेत. त्यांपैकी पुच्चिनीचा 'ला बोएम', झुबिन मेहता यांच्या संचालनाखाली बार्बारा फ्रित्तोली हिच्याबरोबर गायलेला, २००० साली प्रसिद्ध झाला. रंगमंचावर बोचेल्लीचा आवाज लहान पडतो अशी टीका समीक्षकांनी केली आहे आणि ती निराधार नाही. पण तुम्हाला इथे निवाडा करायचा नाही, ओळखीच्या आवाजाचे बोट धरून घरात शिरायचे आहे. 'इल दिव्हो'मधला डेव्हिड मिलरही मुळात ऑपेराचे शिक्षण घेतलेला टेनर, आणि २००२ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या नाट्यगृहांच्या भागात आलेल्या 'ला बोएम'मध्ये रोदोल्फोची भूमिका आळीपाळीने करणाऱ्या गायकांपैकी तो एक होता. म्हणजे तुमच्या आवडत्या गायकांनाही हे घर चांगले ओळखीचे आहे.

'ला बोएम'च्या पहिल्या अंकाचा अखेरचा भाग आधी ऐका, साधारण पंधरा मिनिटांचा. पॅरिसमधल्या माळ्यावरच्या थंडगार खोलीत राहणारा कवी रोदोल्फो आणि मेणबत्ती पेटवून घ्यायला आलेली शेजारीण मिमी. मेणबत्त्या विझतात, हरवलेली किल्ली अंधारात शोधताना त्यांचे हात एकमेकांना लागतात. तो आपली ओळख गाऊन सांगतो, मग ती सांगते, मग दोघे मिळून गातात. अगदी साधा प्रसंग, आणि सलग तीन अप्रतिम गाणी. बोचेल्लीच्या आवाजात हे दोन-चारदा ऐकून झाले की हाच भाग पाव्हारोत्ती आणि मिरेल्ला फ्रेनी यांनी हर्बर्ट फॉन कारायानच्या संचालनाखाली १९७२ साली केलेल्या ध्वनिमुद्रणात ऐका. चाल तीच, शब्द तेच, मग काय निराळे वाटते ते स्वतःच शोधा. वरच्या स्वराकडे जाताना कोणाला वाट मोकळी आहे, शब्द कोण रंगवतो, वाद्यवृंद कुठे गायकासाठी थांबतो? मावसभावाने तुम्हाला काही शिकवावे अशी इच्छा असेल तर त्याला या तुलनेसाठी शेजारी बसवा. शिकलेल्या माणसाचा उपयोग अशा वेळी फार होतो, आणि आवडीवरून वाद घालण्यापेक्षा त्यालाही यात अधिक आनंद मिळेल.

त्यानंतर 'ला बोएम' पूर्ण पाहा. चारही अंकांचे संगीत मिळून दोन तासांहूनही कमी आहे. चौथ्या अंकात मिमी मरणशय्येवर असताना पहिल्या अंकातल्या चाली वाद्यवृंदातून तुकड्यातुकड्यांनी परत येतात; त्या तुम्हाला ओळखता आल्या की ऑपेरा तुम्हाला कळू लागला असे खुशाल समजा. पुढे 'ला त्राव्हियाता' आणि 'कार्मेन' आहेतच. दोन गाण्यांच्या मधले, अर्धवट बोलल्यासारखे गायलेले भाग सुरुवातीला कंटाळवाणे वाटतील. कथा तिथेच पुढे सरकते, म्हणून ते केवळ ऐकू नका, अर्थ वाचत पाहा. कंटाळा अनावर झाला तर त्या दिवशी एका अंकावर थांबायलाही हरकत नाही.

राहता राहिला इटालियनचा प्रश्न. ती शिकण्याची गरज नाही. ऑपेरा जन्माला आला तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्समध्ये, आणि नंतर तो परभाषांत पसरला तेव्हापासून न कळणाऱ्या भाषेतला ऑपेरा ऐकणारे श्रोते आहेतच. १९८३ मध्ये टोरोंटोतल्या कॅनेडियन ऑपेरा कंपनीने रंगमंचाच्या वर भाषांतर दाखवण्याची प्रथा सुरू केली आणि आज बहुतेक मोठ्या ऑपेरागृहांत ती सोय असते. घरबसल्या पाहायचे असेल तर 'ऑपेराव्हिजन' हा २०१७ पासून चालू असलेला मंच युरोपातल्या ऑपेरागृहांचे प्रयोग उपशीर्षकांसह विनामूल्य दाखवतो. त्यावरचे प्रयोग बदलत राहतात, तेव्हा वर सांगितलेल्यांपैकी कोणता उपलब्ध आहे ते अधूनमधून पाहत जा. पाहण्याआधी कथा शेवटासकट वाचून घ्या. त्याने रसभंग होत नाही, कारण पुढे काय होणार हे ठाऊक असेल तरच ते कसे गायले जाते याकडे पूर्ण लक्ष देता येते. आणि एखादे गाणे आधीपासून पाठ असेल, तर ते सुरू झाल्यावर उपशीर्षकांवरची नजर काढून गायकाच्या चेहऱ्याकडे पाहा.